फॅक्समधल्या ओळी गळतात: दोष मशीनचा की लाइनचा?

देवगड तालुक्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवांनी विचारलंय. पाऊस सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे येणाऱ्या फॅक्समध्ये मधल्याच ओळी गायब असतात, काही ठिकाणी अक्षरं वरून चेपल्यासारखी दिसतात. इकडून पाठवलेलं एक पान जायला तीन-चार मिनिटं लागतात आणि पुष्कळदा ते अर्ध्यावर तुटतं. फोनवर बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येतं. लाइनमन सांगून गेला, "लाइन बरी आसा, मशीन बगा." मशीनवाला म्हणतो, मशीन ठणठणीत आहे, लाइन बघा. आता कमिटी नवं मशीन घ्यायला निघाली आहे, घ्यावं का?

इतक्यात नको. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला लाइनवर संशय आहे, आणि लाइनमध्येही एक्स्चेंजच्या बाजूपेक्षा तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर जास्त. पण संशयावरून काही बदलू नका. खराब आलेली दोन-तीन पानं टेबलावर घ्या. निम्मं निदान त्या कागदावर छापलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही.

फॅक्स मशीन पान आडव्या ओळींमध्ये वाचतं. रुंदीला १७२८ ठिपके, अशी एक ओळ वाचली की कागद किंचित पुढे सरकतो आणि पुढची ओळ. साध्या म्हणजे स्टँडर्ड मोडमध्ये एका मिलिमीटरला ३.८५ ओळी, फाइन मोडमध्ये ७.७. म्हणजे ए-फोर पानाच्या साध्या मोडमध्ये अकराशेच्या वर ओळी होतात आणि त्या एकामागून एक तारेवरून जातात. तारेवर काही झालं तर बळी जाते ती आडवी ओळ. काचेवर शाईचा डाग पडला, छापणाऱ्या हेडचा एखादा बिंदू मेला, तर तो डाग प्रत्येक ओळीत त्याच जागी उमटतो आणि पानभर वरपासून खालपर्यंत उभी रेघ दिसते. उभी रेघ मशीनची, आडवा पट्टा बहुधा लाइनचा. उभी रेघ फक्त येणाऱ्या पानांवर असेल तर एक गोष्ट आणखी बघा: ती सगळ्यांच्या फॅक्सवर येते की एकाच ठिकाणाहून आलेल्या पानांवर? एकाच ठिकाणची असेल तर काच त्यांची मळलेली आहे. त्यांना फोन करून पुसायला सांगा.

अक्षरं चेपलेली दिसतात त्याचं कारणही हेच. बिघडलेल्या ओळी काही मशीन सरळ टाकून देतात. मग पान मूळ पानापेक्षा आखूड भरतं. पट्टीने मोजलंत तर फरक कळेल. काही मशीन त्या जागी आधीचीच ओळ परत छापतात, तेव्हा अक्षराला मधेच शेपूट फुटल्यासारखं दिसतं. रबरी रोलर गुळगुळीत होऊन कागद घसरत असेल तरीही अक्षरं चेपतात किंवा ताणली जातात, म्हणून पुढची चाचणी आवश्यक.

एक स्वच्छ छापील पान मशीनमध्ये घालून फोन न लावता फक्त कॉपी काढा. कॉपीत वाचणारा भागही वापरला जातो आणि छापणाराही, तारेचा मात्र संबंध नाही. कॉपी चांगली आली तर स्कॅनर, रोलर आणि हेड निर्दोष. मशीनमधला मोडेम, म्हणजे पान तारेवरून जाईल अशा आवाजात बदलणारा भाग, अजून संशयातून सुटलेला नाही, त्याच्याकडे शेवटी येतो. कॉपीच फिकट किंवा डागाळलेली आली तर लाइनमनला शिव्या घालण्यात अर्थ नाही. स्पिरिटने काच आणि हेड पुसा आणि रोल बदलून बघा. जुलैतल्या दमट हवेत उघड्यावर राहिलेला थर्मल रोल फिकट छापतो, आणि पाठवायचे कागद ओलसर असले की दोन-दोन चिकटून आत जातात. रोल आणि कोरे कागद डब्यात ठेवा. थर्मल कागदावर आलेलं महत्त्वाचं पत्र त्याच दिवशी झेरॉक्स करून फाइलला लावा. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेला थर्मल कागद पांढरा पडतो, मग ऑडिटच्या वेळी दाखवायला काही उरत नाही.

आता "बोलणं स्वच्छ येतं" या मुद्द्याकडे. लाइनमनही याच्याच आधाराने निघून जातो. दशावतार चालू असताना मधेच फटाका फुटला तरी संवाद कळतो. पण कोणी सातबाऱ्यावरचे गट नंबर तोंडी सांगतंय आणि फटाका फुटला, तर एक आकडा गेलाच. कान पहिल्या प्रकारचा श्रोता आहे, मोडेम दुसऱ्या. आजची साधी ऑफिस मशीन सेकंदाला १४,४०० बिटच्या वेगाने पान पाठवतात. तारेवर एका सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती खट् झाली, जी बोलताना कोणाच्या लक्षातही येत नाही, तर तेवढ्यात १४४ बिट जातात. साध्या मजकुराच्या पानातल्या एक-दोन आडव्या ठिपक्यांच्या ओळी त्यात सहज वाहून जातात.

आणखी एक फसवणूक. दोन मशीनची पहिली ओळखपाळख सेकंदाला फक्त ३०० बिट अशा संथ आणि दणकट पद्धतीने होते. त्यामुळे लाइन बरीच खराब असली तरी समोरच्याचा नंबर डिस्प्लेवर येतो, शिट्ट्या वाजतात, "कनेक्ट तर झालं" असं वाटतं. त्यानंतर मशीन दीड सेकंदाचा एक तपासणी संदेश वेगात पाठवून बघतं. समोरच्याला तो नीट मिळाला नाही तर वेग उतरवतं: १४,४००, १२,०००, ९,६००, ७,२००, ४,८००, शेवटी २,४००. तुमचं पान तीन-चार मिनिटं घेतं ते बहुतेक या पायऱ्या उतरून खाली पोचल्यामुळे. जर्नल रिपोर्टमध्ये, म्हणजे मशीन आल्या-गेल्या फॅक्सची जी यादी छापतं तिच्यात, वेग छापायची सोय असेल तर चालू करा. कोरड्या दिवशीचा वेग आणि पावसातला वेग शेजारी ठेवून दाखवलात तर कुठलाही लाइनमन वाद घालणार नाही.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी आता. रस्त्यावरून येणारी वायर तुमच्या इमारतीत जिथे पहिल्यांदा टेकते, त्या पहिल्या रोझेटपाशी, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीपाशी, जा. तिथून पुढे आत जाणारं सगळं सोडवा: इंटरकॉम, पॅरलल फोन, ब्रॉडबँडचा मोडेम, बाकी सगळं. एक साधा वायरवाला फोन थेट तिथे लावा. डायल टोन आला की कुठलाही एक आकडा दाबा. टोन थांबतो आणि काही सेकंद शांतता मिळते. ती शांतता ऐका. पाऊस पडत असताना ऐकलंत तर उत्तम, उन्हात ऐकून उपयोग नाही.

खरखर आणि मधेच खट् ऐकू आलं तर कुठेतरी जोड गंजलाय. सलग घूं असा आवाज असेल तर दोन तारांपैकी एक ओल्या भिंतीला किंवा झाडाला लागून जमिनीत गळते आहे. विजेच्या तारांजवळून जाताना दोन्ही तारांवर सारखाच ५० हर्ट्झचा परिणाम होतो, आणि सारखा असतो तोवर तो एकमेकांत फिटतो. एक तार गळू लागली की समतोल गेला आणि गुणगुण सुरू. दुसऱ्याच कोणाचं बोलणं पुसट ऐकू आलं तर केबलमध्ये पाणी शिरलंय, ते काम तुमच्या आवाक्याबाहेरचं. वारा आला की खरखरतं आणि वारा पडला की थांबतं, असं असेल तर वर बघा, माडाची झावळी ड्रॉप वायरवर, म्हणजे रस्त्यावरून इमारतीत येणाऱ्या वायरवर, घासत असेल. वानरं त्या वायरवर झोके घेतात हे वेगळं सांगायला नको.

मल्टिमीटर असेल तर रिसीव्हर खाली ठेवलेला असताना दोन तारांमध्ये साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसायला हवेत, उचलल्यावर ते सहा ते बाराच्या आसपास उतरतात. कोरड्या दिवशी ४८ आणि पावसात पस्तीस-चाळीस दिसत असतील तर गळती आहे. घंटा वाजत असताना मात्र तारांना हात लावू नका, तेव्हा पंचाहत्तर व्होल्टच्या आसपास एसी असतो आणि ओल्या हाताला चांगलाच झटका बसतो.

तिथे थेट लावलेल्या फोनवर शांतता खरोखर शांत असेल तर आता त्याच जागी फॅक्स मशीन नेऊन लावा आणि एखाद्या भरवशाच्या नंबरवर दोन पानं पाठवा. गेली नीट? म्हणजे दोष तुमच्या इमारतीत आहे, आणि मला हेच अपेक्षित आहे.

आपल्याकडच्या जुन्या कार्यालयांत टेलिफोनची वायर कशी ओढलेली असते ते तुम्हाला माहीत आहे. जांभ्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिऊन बसते. त्या भिंतीवरून, बरेचदा वळचणीखालून, खिळ्यांना गुंडाळत वायर आत येते. वाटेत लांबी कमी पडली म्हणून दोन तुकडे पीळ देऊन जोडलेले, वर काळी इन्सुलेशन टेप. त्या टेपचा डिंक एका पावसात सुटतो. खाडीवरून येणारी खारी हवा आत शिरते आणि तांबं हिरवं पडतं. असा जोड पूर्ण तुटत नाही, म्हणून बोलणं चालू राहतं, पण तो सतत बारीक कुरकुरतो. टेप काढून बघा. हिरवट भुकटी दिसली की हिरवा भाग कापून टाका आणि यूवाय कनेक्टर वापरा, आत जेली भरलेला छोटा कनेक्टर, लाइनमनच्या पिशवीत नेहमी असतो. दाबला की जेली तांब्याभोवती बसते आणि दमट हवा आत जात नाही. त्याहून चांगलं म्हणजे रस्त्यावरच्या टेलिफोनच्या डीपीपासून (जिथून केबलमधल्या तारा घरोघर वाटल्या जातात ती पेटी) मशीनपर्यंत एकही जोड नसलेली एकच वायर. वायर भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तारेवरून आत न वाहता तिथे ठिबकून जाईल.

रोझेट उघडाच. त्यात मुंग्यांचं घर असतं, कधी पाल असते, आणि स्क्रूभोवती गंज तर असतोच. नवा रोझेट आणि नवी कॉर्ड यांना फार पैसे पडत नाहीत. घासत बसण्यापेक्षा बदला. मशीनपर्यंतची चपटी कॉर्ड आखूड ठेवा. ती पीळ दिलेली नसते, त्यामुळे पंख्याच्या रेग्युलेटरच्या किंवा ट्यूबलाइटच्या वायरीबरोबर पाच-सात मीटर नेलीत की घूं आलाच.

लाइनवर विजेपासून बचावासाठी सर्ज प्रोटेक्टर बसवला असेल तर तो काढून एकदा पान पाठवून बघा. मे महिन्यातल्या वळवाच्या किंवा परतीच्या पावसातल्या गडगडाटात त्याने एखादा मोठा झटका झेलला असेल, तर तो मरत नाही पण अर्धवट गळू लागतो. त्याच्यावरचा दिवा पेटतोय म्हणून तो चांगला आहे असं नाही.

त्याच तारेवर ब्रॉडबँड असेल तर फॅक्स स्प्लिटरच्या "फोन" लिहिलेल्या तोंडालाच लागला पाहिजे. बोलण्याचा पट्टा ३,४०० हर्ट्झपर्यंतचा, ब्रॉडबँडचा त्याच्या बराच वर. स्प्लिटरने ते वेगळे केले नाहीत तर शांततेत बारीक फुसफूस ऐकू येते आणि फॅक्स वेग उतरवतो.

इंटरकॉमबद्दल माझं मत कडक आहे. तीन लाइन आणि आठ एक्स्टेन्शनचं छोटं ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातलंच छोटं एक्स्चेंज, असेल तर फॅक्सची लाइन त्याच्यात घालूच नका, आधीच वेगळी काढा. कोणी रिसीव्हर उचलला, मधेच दुसरा कॉल आल्याची टुक् वाजली, ऑपरेटरने चुकून लाइन होल्डवर टाकली, यातल्या प्रत्येकाने पान वाया जातं. कॉल वेटिंग असेल तर त्या नंबरवरून बंद करून घ्या.

तुम्हाला लागू नाही, पण जिल्ह्याच्या ठिकाणी पीआरआय लाइन (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) असलेल्या कार्यालयातलं कोणी वाचत असेल तर: फॅक्स दर थोड्या वेळाने ठरावीक अंतरावर तुटत असेल आणि बोलणं अगदी स्वच्छ असेल, तर ईपीएबीएक्सचं क्लॉक बघा. ते सेवादात्याकडून घ्यायचं असतं. ईपीएबीएक्स स्वतःच्या घड्याळावर चालत राहिलं की ठरावीक वेळाने एक फ्रेम, म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांचा तुकडा, गळतो किंवा दोनदा जातो. कानाला कळत नाही, मोडेमला कळतं. सेटिंगमधला एक पर्याय बदलला की झालं.

पहिल्या रोझेटपाशीही खरखर असेल तर तक्रार करा, पण "फॅक्स खराब येतो" असं लिहू नका. त्या तक्रारीवर लाइनमन येतो, बट (लाइनमनचा तपासणीचा हातफोन) लावून दोन शब्द बोलतो आणि सही घेऊन जातो. "आतलं सगळं सोडवून, पहिल्या रोझेटवर, पाऊस असताना खरखर येते, व्होल्टेज इतकं उतरतं" असं लिहा. त्याने डीपीपासूनची ड्रॉप वायर तपासावी, टॅग ब्लॉकचे, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीचे, स्क्रू साफ करावेत, आणि तरीही नाही झालं तर केबलमधली दुसरी पेअर (तारांची जोडी) द्यावी. मोकळ्या चांगल्या पेअर फार उरलेल्या नसतात, तेव्हा पाठपुरावा लागेल.

तोवर काम चालवायचं कसं? मशीनचा पाठवण्याचा वेग स्वतःच ९,६०० किंवा ४,८०० वर बांधून टाका. दर वेळी वरून खाली उतरण्यात वेळ जाण्यापेक्षा सुरुवातीलाच खाली राहिलेलं बरं. काही मशीनमध्ये याला "ओव्हरसीज मोड" म्हणतात. ब्रदरच्या मशीनमध्ये "कम्पॅटिबिलिटी" नावाचा पर्याय असतो, तो "बेसिक" केला की वेग ९,६०० वर येतो आणि ईसीएम बंद होतं.

ईसीएम म्हणजे चूक दुरुस्त करून घेण्याची पद्धत. पान तुकड्यांनी जातं, समोरचं मशीन बिघडलेले तुकडे परत मागवतं. दोन्हीकडे ईसीएम चालू असेल तर पान एक तर बरोबर येतं, नाही तर येतच नाही. बंद असेल तर पान येतं, पण ओळी गळून. तुमच्याकडे ओळी गळतात याचा अर्थ कुठल्या तरी एका बाजूला ईसीएम बंद आहे. डिझेल कोट्याची, बँकेची, विम्याची कागदपत्रं असतील तर मी ईसीएम चालूच ठेवीन आणि वेग उतरवीन. एक शून्य गळून आलेलं पत्र न आलेल्या पत्रापेक्षा जास्त त्रासाचं. आणि ईसीएम बंद असताना पाठवणाऱ्याच्या रिपोर्टवर "ओके" छापलं गेलं म्हणून पान वाचण्यासारखं पोचलं असं समजू नका. काही ओळी बिघडल्या तरी घेणारं मशीन पोच देऊन मोकळं होतं.

ईसीएम बंदच ठेवावं लागलं तर फाइन मोडचा हट्ट धरू नका. पान कॉम्प्रेस करून पाठवण्याच्या एका पद्धतीत पुढची ओळ आधीच्या ओळीच्या तुलनेत लिहिली जाते. साध्या मोडमध्ये दर दुसरी ओळ स्वतंत्र असते, फाइनमध्ये दर चौथी. म्हणजे फाइनमध्ये एक चूक पुढच्या तीन ओळींपर्यंत सांडू शकते. पण मग मराठी पत्रांची अडचण होते. साध्या मोडमध्ये बारा पॉइंटच्या मजकुरातला अनुस्वार आणि रफार गायब होतात, देवनागरी १ आणि ९ एकसारखे दिसायला लागतात. पाठवायची पत्रं सोळा पॉइंटमध्ये, ठळक टाइपात छापा आणि रक्कम अक्षरीही लिहा.

तुमच्याकडे कधी तरी तांब्याची लाइन काढून फायबर देऊ करतील. खाऱ्या हवेचा आणि ओल्या जांभ्याचा त्रास काचेच्या तारेला नाही, तेवढं बरं. पण मग तुमचा फोन कार्यालयातल्या ओएनटी डब्याच्या (फायबर जिथे संपते तो डबा) तोंडाला लागतो आणि आवाज पाकिटांमध्ये तुकडे होऊन जातो. अर्ज करण्याआधी लेखी विचारा: फोनच्या तोंडावर टी.३८ (पाकिटांमधून फॅक्स नेण्याची खास पद्धत) चालतं का, नाही तर निदान जी.७११ कोडेक (आवाज फारसा न आक्रसता नेणारी पद्धत) मिळेल का? जी.७२९ सारखा आवाज आक्रसून (कॉम्प्रेस करून) नेणारा कोडेक असेल तर फॅक्स जाणार नाही, तिथे कितीही चांगलं मशीन लावा. ईसीएम आणि वेगाचे वर सांगितलेले प्रयोग तिथेही करावे लागतात.

दुसरं, तांब्याच्या लाइनला ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधून येतात, म्हणून वीज गेली तरी साधा फोन चालतो. ओएनटी डब्याला वीज लागते, फॅक्स मशीनलाही लागते. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी किनाऱ्यावर वीज किती दिवस नव्हती ते आठवा. हवामानाचे इशारे फॅक्सने मागवत असाल तर दोन्हींना यूपीएस द्या आणि तेवढ्यावर विसंबू नका, बंदर कार्यालयातला एक मोबाइल नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

राहिला मोडेम. कॉपी चांगली, पहिल्या रोझेटवर शांतता चांगली, तरीही तिथून पाठवलेली पानं तुटतात, असं झालं तर मशीन उचलून शेजारच्या पतपेढीच्या लाइनवर लावा. तिथेही तेच झालं तर मशीनचा लाइन बोर्ड गेला, बहुधा विजेने. त्या बोर्डाचा भाव मशीनवाल्याकडून लेखी घ्या. तो नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त निघाला तर कमिटीचा ठराव करा.